सिस्टर, मुलगी देवाला द्यायची म्हणजे नेमकं काय?

मागच्या अंकात मी २ फेब्रुवारीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की बाळ येशूला चाळिसाव्या दिवशी मंदिरात नेऊन देवाला वाहिलं त्याची आठवण म्हणून त्या दिवशी कॅथोलिक चर्चमध्ये सिस्टर (नन), ब्रदर, फादर अशा, आयुष्य देवाला वाहिलेल्या लोकांसाठी प्रार्थना होते आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ पासून हा दिवस सुरू केला. बस एवढंच. पण त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की मी नर्स म्हणून मला येणारे बीपी-शुगरचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवते आणि ह्याच विषयावर बसते. नावं कुणाचीच छापत नाही, गावंसुद्धा मोघमच ठेवलीत.

प्रश्न : जय ख्रिस्त सिस्टर. आम्ही वैजापूर तालुक्यातले. लेक एकोणीस वर्षांची, बारावी झाली, आता बीएला आहे. दोन वर्षांपासून म्हणायलीय मला सिस्टर व्हायचंय. मला वाटलं वयाचं खूळ आहे, जाईल. पण मागच्या महिन्यात कॉन्व्हेंटातल्या दोन सिस्टर घरी येऊन बसून गेल्या अन् तवापासून तिच्या पप्पांनी तिच्याशी बोलणंच सोडलंय, ताट वाढलं की उचलून ओट्यावर नेऊन जेवतात. म्हणतात पोरगी गेली म्हणजे मेलीच, परत तोंड दिसत नाही, अन् शेतातला तिचा हिस्सा पण ते लोक घेतील, अन् आपल्या म्हातारपणी कोण. मी मधल्यामधी भरडून निघायलेय.

उत्तर : जय ख्रिस्त ताई. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण ते ओट्यावरचं ताट मी पाहिलंय. माझ्या घरी पण होतं. माझे वडील माझ्याशी भांडले नाहीत, रागावले नाहीत, नुसते गप्प झाले, आणि मी निघाले त्या दिवशी पहाटेच रानात निघून गेले. पुढची तीन वर्षं त्यांचं एकही पत्र नाही. मी सिस्टर होताना दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं पहिल्यांदा घेतली त्या दिवशी मात्र आले, धोतराच्या सोग्यात सहा मोसंब्या बांधून, आणि मला म्हणाले, वाळलीस. एवढंच बोलले. म्हणून तुमच्या मालकांबद्दल मला वाईट बोलवणार नाही, त्यांचा राग म्हणजे भीती आहे आणि त्या भीतीतल्या निम्म्या गोष्टी माहिती नसल्यामुळे आहेत, तर ती माहिती आधी देते, त्यांना वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे, लेक आज बॅग भरून गेली की उद्या सिस्टर झाली असं होत नाही. आधी काही महिने ते एक-दोन वर्षं ती नुसती राहून बघते, त्याला प्रत्येक संघात, म्हणजे सिस्टरांच्या संस्थेत, वेगळं नाव आहे, कुठे अ‍ॅस्पिरन्सी म्हणतात, कुठे कँडिडेट, मग पोस्ट्युलंट. त्यानंतर नोव्हिशिएट, म्हणजे खरी साधनेची शाळा, ती कमीत कमी बारा महिन्यांची असावीच लागते, बऱ्याच संघांत दोन वर्षं. १९८३ च्या चर्च-कायद्याप्रमाणे सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये घेता येत नाही, अठरा पूर्ण झाल्याशिवाय पहिली व्रतं देता येत नाहीत. आणि ती पहिली व्रतं पण कायमची नसतात बरं का, ठरावीक मुदतीची असतात, असा काळ कमीत कमी तीन वर्षं आणि साधारण सहा, फार तर नऊ वर्षांपर्यंत ओढता येतो, आणि त्यानंतरच आजन्म व्रत. म्हणजे तुमची लेक या वर्षी गेली तरी कायमचा शब्द द्यायला तिला साधारण सहा-आठ वर्षं लागतील, आणि ह्या सगळ्या काळात दार उघडं असतं. नोव्हिस असताना ती कधीही उठून घरी येऊ शकते. मुदतीची व्रतं संपली की, नाही घेत पुढची, असं म्हणू शकते. आमच्याकडे लग्नाची बोलणी फाल्गुनात होतात अन् वैशाखात अक्षता पडतात, तेवढ्यात पोरीला नवरा धड बघायला पण मिळत नाही, त्या मानानं चर्च किती थांबायला लावतं ते मालकांना सांगा.

शेताचं सांगते. पहिली व्रतं घ्यायच्या आधी सिस्टरने आपल्या नावावर जे काही असेल त्याचा कारभार दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायचा असतो, कुणाकडे ते ती स्वतः ठरवते, आई, बाप, भाऊ, कुणीही. आजन्म व्रताआधी मृत्युपत्र करायचं असतं, ते कोर्टात टिकेल असं. काही संघांत मालकी पूर्णच सोडावी लागते, तिथे पण कुणाला द्यायचं हे तीच ठरवते. संघ आपोआप जमिनीचा वारस होत नाही. हां, सिस्टर झाल्यावर ती शाळेत नाहीतर दवाखान्यात जे कमावेल ते मात्र संघाचं, तिच्या हातात पगार येत नाही. (टॅक्सचं पण लोक विचारतात, तर अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर-फादरांच्या पगारातून टीडीएस कापला जाईलच, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय, व्रत घेतलं म्हणून सरकारी नियम सुटत नाहीत.) त्या बदल्यात तिचं खाणं, औषध, म्हातारपण सगळं संघाने बघायचं असतं, हे पण चर्चच्या कायद्यातच आहे.

तोंड दिसत नाही म्हणता, तर ते संघावर आहे. कार्मेलसारख्या बंद मठात जाळीआडून भेट होते आणि घरी येणं जवळजवळ नाहीच. पण शाळा, दवाखाने, वस्तीत काम करणाऱ्या संघांतल्या सिस्टर ठरलेल्या सुट्टीला घरी येतात, लग्नाला, मयतीला येतात, आणि आता तर मोबाईल आहेत. आईबाप आजारी असतील तर सुपीरिअर, म्हणजे प्रमुख सिस्टर, परवानगी देऊ शकतात, मी स्वतः माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत घरी होते, तिला अंघोळ घातली, डायपर बदलले, सगळं केलं. पण खोटं सांगत नाही ताई, रोजचा आधार म्हणून लेक राहणार नाही. भाकरी करून घालायला ती नसेल. ते दुःख खरं आहे आणि ते मालकांना मनात न ठेवता बोलून दाखवू द्या.

आता तुमचं काम. त्या कॉन्व्हेंटात तुम्ही दोघं जाऊन या, एक दिवस राहा, त्यांच्या हातचं जेवा. विचारा की कुठे पाठवणार, शिक्षण किती देणार, कोणती भाषा, सुट्टीचा नियम काय, आजारी पडली तर काय. आणि एक गोष्ट नीट बघा : तिथल्या म्हाताऱ्या सिस्टर कशा राहतात. त्या प्रसन्न असतील तर घर चांगलं आहे. मला स्वतःला वाटतं तिने बीए पूर्ण करून जावं, दोन वर्षांनी काही बिघडत नाही, देवाची हाक असेल तर ती टिकते. पण कोंडून ठेवू नका, घाईघाईत स्थळं बघू नका. १५६३ ला ट्रेंटला भरलेल्या चर्चच्या परिषदेने मुलीला जबरदस्तीने मठात घालणाऱ्यांना चर्चबाहेर काढायचं ठरवलं, आणि त्याच नियमात हेही लिहिलं की जिला खरंच जायचंय तिला सबळ कारण नसताना अडवणाऱ्यालाही तीच शिक्षा. दोन्ही बाजूंनी. मला हा नियम फार आवडतो.

प्रश्न : सिस्टर, मी परतूरकडची. माझा मुलगा तीन महिन्यांचा असताना निमोनिया होऊन घाटी दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तवा मी मारिया मातेपुढं नवस बोलले की हा वाचला तर तुझ्या लेकरालाच देईन, फादर करीन. वाचला. आता सोळा वर्षांचा आहे अन् म्हणतो मला आयटीआय करून कंपनीत लागायचंय, फादर व्हायचं नाही. मागच्या महिन्यात मोटारसायकलवरून पडला, हात मोडला. सासूबाई म्हणतात नवस फेडला नाही म्हणून देव आठवण करून द्यायलाय. मला झोप नाही. बायबलात हन्नानं पण शमुवेलाला दिलंच होतं ना?

उत्तर : बाई, आज रात्री झोपा. तुमचा नवस तुमच्या लेकराला बांधत नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, चर्चच्या कायद्यात कलम ११९३ आहे, त्यात एकच वाक्य आहे की नवस म्हणजे व्रत हे ज्याने केलं त्यालाच बंधनकारक असतं. आईनं लेकाच्या नावानं, बापानं लेकीच्या नावानं केलेला शब्द त्या लेकराला लागू होतच नाही. दुसरं, आयुष्य कसं जगायचं हे निवडताना कुणावरही कसलीच जबरदस्ती होऊ नये हा प्रत्येक कॅथोलिकाचा हक्क आहे, कलम २१९. आणि तुमच्या दबावाखाली तो पोरगा उद्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत गेला, अन् तिथल्या फादरांना कळलं की हा आईच्या धाकानं आलाय, तर ते स्वतःच त्याला परत पाठवतील, पाठवायलाच पाहिजे.

हन्नाचं म्हणता, तर ती गोष्ट पुढं वाचा. हन्नानं नवसाप्रमाणे आपल्या पोराला, शमुवेलाला, एली याजकाजवळ नेऊन ठेवलं हे खरं, पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. एका रात्री देवानं त्या पोराला त्याच्या नावानं हाक मारली, एकदा, दोनदा, तीनदा, तो दर वेळी उठून एलीकडे पळाला, अन् शेवटी त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं की बोल, तुझा सेवक ऐकतोय. आई पोराला दारापर्यंत नेऊ शकते, ओ द्यायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

आपल्या मुलखात हे नवसाचं दुखणं जुनं आहे म्हणून मी जरा जास्तच बोलते. खंडोबाला पोरं वाहायची, मुलगा वाघ्या, मुलगी मुरळी, अन् त्या मुरळीचं पुढं काय व्हायचं हे गावात सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी बोलायचं नाही. मी दवाखान्यात काम करताना अशा एका म्हातारीला रोज ड्रेसिंग करायचे, ती एकदा म्हणाली, मला कुणी इचारलं नाय. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आणि हे फक्त दुसऱ्यांच्या धर्मात होतं असं समजू नका, आमच्या चर्चमध्येही होतं. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमात एक प्रकरणच आहे, आईबापांनी लहान मुलगा मठाला द्यायचा असेल तर काय करायचं त्याचं, मुलाचा हात वेदीच्या कापडात गुंडाळायचा आणि आईबापांनी त्याच्या वतीनं वचन द्यायचं. शतकानुशतकं चाललं हे. मग चर्चला हळूहळू कळलं की असं चालणार नाही, ट्रेंटच्या त्याच परिषदेत व्रतासाठी सोळा वर्षांची अट आली, आणि आता अठरा. म्हणजे चर्चसुद्धा चुकलं आणि शिकलं, तर तुम्ही एका भेदरलेल्या रात्री चुकलात त्यात एवढं काय.

नवसाचं ओझं जात नसेल तर तुमच्या पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या, फादरांकडे जा, त्यांना खासगी नवसातून मोकळं करायचा अधिकार आहे. किंवा तुमचा स्वतःचा जो भाग आहे, म्हणजे कृतज्ञतेचा, तो दुसऱ्या तितक्याच चांगल्या कामात तुम्ही स्वतः बदलू शकता. घाटीत आजही काचेच्या पेटीपुढं बसलेल्या बाया असतात, गावाकडून आलेल्या, डबा नसलेल्या. महिन्यातून एक दिवस त्यांच्यासाठी भाकरी-भाजी घेऊन जा. सासूबाईंना सोबत घ्या. आणि हात मोडला तो रस्त्यावरच्या खड्ड्यानं नाहीतर वेगानं मोडला असेल, हेल्मेट घ्यायला लावा. तीन महिन्यांच्या लेकराला वाचवणारा देव सोळाव्या वर्षी त्याचा हात मोडून वसुली करत नाही, असल्या देवाला मी चाळीस वर्षं दिली नसती.

प्रश्न : मी २४ वर्षांची, बीड जिल्हा, जीएनएम नर्सिंग केलंय. मला गोरगरिबांची सेवा करणाऱ्या संघात जायचंय, मनापासून. पण माझ्या नावावर शिक्षणाचं बँकेचं कर्ज आहे, एक लाख ऐंशी हजार राहिलंय. आई-पप्पा ऊसतोडीला जातात, त्यांच्यावर मुकादमाची उचल आहे ती वेगळीच. देवाचं काम करायला निघालं की देव बघून घेईल असं एक जण म्हणाले. खरंय का?

उत्तर : नाही गं बाळा. देव बघून घेईल म्हणणारे लोक बँकेच्या नोटीशीवर सही करायला येत नाहीत. चर्चचाच नियम आहे की ज्याच्यावर फेडता न येणारं कर्ज आहे अशाला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये. कारण उघड आहे, सगळं सोडलं म्हणणाऱ्या माणसाचं ओझं दुसऱ्यानं ओढायचं हे कसलं दारिद्र्याचं व्रत. आणि तुझ्या कर्जाला जामीन कोण असेल तर पप्पाच असतील.

तेव्हा आधी नोकरी कर. दोन-अडीच वर्षं एखाद्या हॉस्पिटलात काम कर, खर्च आवरलास तर तेवढ्यात कर्ज फिटू शकतं. ह्या वर्षांना वाया गेलेली वर्षं समजू नको, ही तुझी पहिली परीक्षाच आहे. त्या संघाच्या सिस्टरांना आजच पत्र लिहून सगळं खरं सांग, कर्जाचा आकडा पण सांग, लपवून गेलीस तर तो फसवणुकीत मोडेल आणि तुझं जाणंच कच्चं राहील. सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन राहत जा. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीमध्ये जायचं तुझ्या पत्रातल्या वर्णनावरून वाटतंय, तर एक सांगते, त्या सिस्टर बाकीच्या तीन व्रतांसोबत चौथं व्रत घेतात, गरिबातल्या गरिबांची मनापासून फुकट सेवा करायचं. आणि मदर स्वतः १९२८ ला अठराव्या वर्षी घरातून निघाल्या तरी पहिली वीस वर्षं लोरेटो संघात होत्या, बरीच वर्षं मुलींच्या शाळेत शिकवत होत्या, स्वतःचा संघ उभा राहिला तो १९५० ला. घाई कुणाच्याच वाट्याला नाही.

मुकादमाच्या उचलीचा विषय वेगळा. ती कायद्यानं तुझ्यावर नाही. पण घरात धाकटी भावंडं असतील, पप्पांची कंबर गेली असेल आणि तुझ्याशिवाय कमावणारं कुणी नसेल, तर मला विचारशील तर मी म्हणेन थांब. ऊस तोडणाऱ्या आईच्या हातातला कोयता खाली ठेवायला लावणं हे पण देवाचं काम आहे, आणि ते आधीचं आहे. हे नियमात असंच लिहिलेलं नाही, माझं मत आहे, तुझ्या पॅरिशच्या फादरांशी बोलून ठरव.

प्रश्न : सिस्टर मी एका संघात सात वर्षं होते, चार वर्षं व्रतात. आजन्म व्रताच्या आधी परत आले. कारण लिहीत नाही, पण आत मी रोज रात्री रडायचे. आता दोन वर्षं झाली, गावात बाया म्हणतात देवाला दिलेला शब्द मोडला, हिच्या हातचं शुभ नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. मी देवाला फसवलं का?

उत्तर : तू शब्द मोडला नाहीस. हे आधी पक्कं डोक्यात घे. तू जे व्रत घेतलं होतं ते मुदतीचं होतं, मुदत संपली, तू पुढचं घेतलं नाहीस. मुदत संपल्यावर ज्याला जायचंय तो जाऊ शकतो हे चर्चनेच लिहून ठेवलंय, आणि ती वर्षं ठेवलीच त्यासाठी असतात की माणसाला आणि संघाला दोघांनाही कळावं. तुला कळलं. रोज रात्री रडत असतानाही शेवटच्या व्रताला हो म्हणाली असतीस, तर मात्र मला तुझी काळजी वाटली असती.

माझ्यासोबत नोव्हिशिएटमध्ये आम्ही अकरा जणी होतो. आज चार आहोत. बाकीच्या सात जणी काय देवाला फसवून गेल्या का? एक जण शाळेत मुख्याध्यापिका आहे, एकीला तीन मुलं आहेत, एक अजून मला नाताळला करंज्यांचा डबा पाठवते. पण तेव्हा त्यांना कसं पाठवलं ते मला आवडलं नव्हतं, एकीला तर रात्रीच्या गाडीत बसवून दिलं, आम्हाला सकाळी जेवताना तिची खुर्ची रिकामी दिसली आणि कुणी काही विचारायचं नाही असं सांगितलं. मी पण विचारलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. बाहेर पडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही असं चर्चचा कायदा म्हणतो, पण त्याच कलमात पुढं हेही आहे की संघानं तिच्याशी न्यायानं आणि शुभवर्तमानातल्या प्रेमानं वागायचं. तुला परत येताना हातात काहीच दिलं नसेल, सर्टिफिकेटं अडकली असतील, तर त्या संघाच्या प्रोव्हिन्शिअलला, म्हणजे प्रांतप्रमुख सिस्टरला, साध्या शब्दांत पत्र लिही, लाजू नको. नाही जमलं तर बिशप हाऊसला जा.

आणि दोन माणसांची गोष्ट ऐक. फ्रान्समध्ये लुई मार्टिन नावाचा तरुण आल्प्समधल्या मठात गेला, त्यांनी सांगितलं लॅटिन येत नाही, शिकून ये, ते जमलं नाही आणि तो घड्याळजी झाला. झेली नावाची मुलगी सिस्टर व्हायला गेली, तिला सुपीरिअरनं नाही म्हटलं, ती लेस विणायचा धंदा करू लागली. १८५८ ला त्या दोघांचं लग्न झालं. नऊ लेकरं, चार लहानपणीच गेली, राहिलेल्या पाचही मुली सिस्टर झाल्या, त्यातली एक म्हणजे लिज्यूची संत तेरेजा. आणि २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी त्या नवरा-बायकोला एकत्र संत म्हणून जाहीर केलं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ते पण जपानात आधी जेझुइट फादरांसोबत वर्षानुवर्षं राबले, त्यांच्यात घेतलं नाही, मग व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले. ह्या तिघांपुढं कुणी ना कुणी दार लावून घेतलं होतंच.

पुढच्या रविवारी दुसऱ्या बाकावर येऊन बस. तुला वाचता चांगलं येत असणार, सात वर्षं वाचलंयस, फादरांना सांग की मी वाचन करते. बाया दोन रविवार कुजबुजतील.

प्रश्न : मी ४१, परभणी, कॅथोलिक, लग्न झालेलं, दोन मुलं. संसारात मन लागत नाही. आपल्याकडे लोक घर सोडून संन्यास घ्यायचेच ना. मी बायकोला काही न सांगता एखाद्या आश्रमात किंवा मठात ब्रदर म्हणून राहू शकतो का?

उत्तर : नाही. लग्न टिकून असताना नोव्हिशिएटमध्ये घेतलं तरी ते मुळातच बाद ठरतं, आणि हे लपवून गेलात तर दुप्पट बाद.

संन्यासाचं म्हणता तर दादा, तुम्ही गोदावरीकाठचे, आपेगाव तुमच्यापासून काही फार लांब नाही. तिथल्या विठ्ठलपंतांची गोष्ट तुम्हाला मी सांगायची का? घरी रुक्मिणी असताना काशीला जाऊन संन्यास घेतला, गुरूला कळलं तेव्हा गुरूनंच परत पाठवलं की जा, संसार कर. आणि त्याची किंमत कुणी मोजली, तर चार लेकरांनी, संन्याशाची पोरं म्हणून. ती लेकरं ज्ञानदेव-मुक्ताई निघाली हा त्यांचा मोठेपणा, बापाच्या निर्णयाचा नाही. आणि तिथून जवळच पैठणला एकनाथ महाराज, बायकोलेकरांत राहून सगळं केलं त्यांनी.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे की सकाळी उठावंसं वाटत नाही, ती मला देवाच्या हाकेपेक्षा आजारासारखी जास्त वाटतेय. मी नर्स आहे, हे मी अंदाजानं पण जबाबदारीनं लिहितेय. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, या आठवड्यात जा, आणि बायकोला सोबत न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो.

प्रश्न : वय ५४, जालना. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, मुलं मार्गाला लागली. ह्या वयात देवाला आयुष्य देता येतं का, का ते फक्त कुमारिकांचं काम?

उत्तर : येतं की. विधवांना संघात यायला चर्चच्या कायद्याची आडकाठी नाही, पण बरेच संघ वयाची अट घालतात, तिशी-पस्तिशीच्या पुढं सहसा घेत नाहीत, तेव्हा तिथं नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. घरात राहूनच चालणारे मार्ग आहेत. फ्रान्सिस्कन तृतीय संघ आहे, त्यात लग्न झालेले, विधवा, नोकरीवाले सगळे असतात, वचन देतात, महिन्याला एकत्र बसतात. सेक्युलर इन्स्टिट्यूट म्हणून एक प्रकार आहे, त्याला पोप पायस बारावे यांनी १९४७ ला मान्यता दिली, त्यातली माणसं व्रतं पाळतात पण आपल्याच घरात, आपल्याच कपड्यांत, आपल्याच नोकरीत राहून, पण त्यांच्याकडे पण वयाचं विचारून घ्या. कुमारिकांना देवाला वाहायचा जो वेगळा विधी आहे, १९७० ला पुन्हा सुरू झालेला, तो मात्र तुम्हाला लागू नाही. फादरांना विचारून तुमच्या जवळ काय आहे ते बघा. आणि नातवंडं सांभाळायला मुलं बोलवत असतील तर त्यांना तुमचं ठरलेलं प्रार्थनेचं एक तास आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो कधीच मिळणार नाही, हे मी बऱ्याच आज्यांकडून ऐकलंय.

प्रश्न : मी दहावीला आहे, घोगरगावकडचा. फादर व्हायचंय. इंग्रजी कच्चं आहे. चालतं का? अन् किती वर्षं लागतात?

उत्तर : चालतं रे. संत जॉन व्हियानी लॅटिनमध्ये इतके कच्चे होते की त्यांना सेमिनरीतून काढलं होतं, तरी १८१५ ला फादर झाले आणि आज सगळ्या पॅरिश फादरांचे आश्रयदाते संत तेच आहेत. पण इंग्रजी शिकावं लागेल, पुढचा बराचसा अभ्यास त्यातच आहे, म्हणून आत्तापासून रोज एक पान मोठ्यानं वाच. तुमच्या भागात तर फ्रान्सहून आलेले फादर आपली मराठी शिकले, गावठी सुद्धा, तर तुला इंग्रजी काय अवघड आहे.

वर्षं म्हणशील तर बारावीनंतर साधारण दहा-बारा. तत्त्वज्ञान, मग मध्ये एखादं वर्ष कामाचं, मग ईश्वरविज्ञान, मग डीकन (फादरच्या आधीची पायरी), मग दीक्षा, आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय फादर होता येत नाही. नागपूरला सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, पुण्याला पेपल सेमिनरी, ती १८९३ ला श्रीलंकेत कँडीला निघाली आणि १९५५ ला पुण्याला आली. कुठे पाठवायचं ते बिशप नाहीतर तुझा संघ ठरवतो. एक फरक लक्षात ठेव : धर्मप्रांताचा फादर बिशपांना आज्ञापालनाचं वचन देतो आणि ब्रह्मचर्य पाळतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही, आणि संघातला फादर तिन्ही व्रतं घेतो, तुला कुठं जायचंय ते बघ, दोन्हीकडच्या फादरांशी बोल.

आत्ता मात्र दहावीची परीक्षा आहे, गणित सोडू नको. निकाल लागला की पॅरिशमधून बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले नवीन काढून घे, जुने चालत नाहीत, आणि मे महिन्यात फादर मुलांची शिबिरं घेतात तिथं जाऊन ये. आई-पप्पांना सांगितलंयस का? पत्रात त्यांच्याबद्दल काही नाही. आज रात्री जेवताना सांग.